घातांक आधी बोटांवर येऊ द्या
गोव्यातील गणित-विज्ञान शिक्षकांना आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रिय सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

चवथीची सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचे वडील डेंगीने आजारी होते, हे मला ठाऊक होते. "टीचर, बाबांच्या प्लेटलेट्स अठ्ठ्याण्णववर आल्यात. शेजारच्या काकी म्हणतात दीड लाख तरी हव्यात. आई सकाळपासून रडतेय." गणिताच्या वहीत घडी करून ठेवलेला रक्ताचा रिपोर्ट तिने माझ्यापुढे धरला. ९८ हा आकडा ठळक छापलेला होता. त्याच्या शेजारी, एकक लिहायच्या रकान्यात, बारीक अक्षरांत १०^३ प्रति मायक्रोलिटर. (फळ्यावर आपण घातांक, म्हणजे दहाने किती वेळा गुणायचे ते सांगणारा बारीक अंक, दहाच्या खांद्यावर लिहितो. इथे टंकताना तो ^ या खुणेनंतर लिहिला आहे.)

आठच दिवसांपूर्वी याच मुलीने याच धड्याच्या चाचणीत पाचपैकी पाच गुण घेतले होते. मी तिला म्हटले, ही संख्या स्टँडर्ड फॉर्ममध्ये, म्हणजे दशांशचिन्हाआधी शून्य नसलेला एकच अंक ठेवून आणि पुढे दहाचा घात जोडून, लिही बघू. क्षणाचाही वेळ न घेता तिने ९.८ × १०^४ असे लिहिले. अगदी बरोबर. "आता वाच." तिने वाचले, "नाइन पॉइंट एट इंटू टेन रेझ्ड टू फोर." "म्हणजे किती?" ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटले, "अठ्ठ्याण्णव हजार." तिने पुन्हा एकदा रिपोर्टकडे पाहिले आणि आईला फोन करायला ऑफिसकडे धावत सुटली.

अठ्ठ्याण्णव हजार हा आकडाही कमीच होता. उपचार चालूच होते आणि पुढचे काय ते डॉक्टर ठरवणार होते. पण अठ्ठ्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव हजार यांच्यामधल्या फरकापायी एक घर सकाळपासून रडत होते, आणि तो फरक सांगणारे चिन्ह त्या घरातल्या मुलीच्या वहीत पानभर उतरलेले होते. तिला दिलेले ते पाच गुण मला त्या दिवशी टोचले. ते तिने चोख मिळवले होते. काय तपासायचे हे मी चुकीचे ठरवले होते.

म्हणून हे पत्र. मी फोंडा तालुक्यात पाचवी ते आठवीला गणित शिकवते. माझे म्हणणे एवढेच आहे की, दशांशचिन्ह सरकवण्याचा नियम मुलांना देण्याआधी, घातांक म्हणजे केवढे हे त्यांच्या हातात येऊ द्या. हातात म्हणजे खरोखरच हातात, बोटांच्या पेरांवर.

आपण सगळे कसे शिकवतो ते सांगायला नकोच. संख्या फळ्यावर लिहायची, अंकांखाली कमानी काढत जायचे, कमानी मोजायच्या. पॉइंट डावीकडे गेला की घातांक वाढव, उजवीकडे गेला की कमी कर. मीही कित्येक वर्षे हेच केले. मुलांना ते लवकर जमते, म्हणून आपल्याला वाटते की समजले. वास्तविक दशांशचिन्ह कुठेही जात नाही. ते एककाच्या घराची उजवी भिंत आहे, आणि भिंत जागच्या जागी असते. घरे बदलतात ते अंक. दहाने गुणले की प्रत्येक अंक एक घर वर चढतो, भागले की एक घर खाली उतरतो. हे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या स्थानिक किमतीचेच पुढचे पाऊल आहे. कमानी मोजताना मुलाचे ते सगळे शिक्षण बाजूला पडते आणि राहते ती नुसती डावे-उजवे लक्षात ठेवण्याची कसरत. दिवाळीनंतर विचारा, निम्मा वर्ग डावे-उजवे उलट सांगतो.

आता हाताकडे वळते. माझी आजी डिचोलीची. माळ हाताशी नसली की जप पेरांवर मोजायची. अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवायचा, टोकापर्यंत तीन पेरे, मग अनामिका, मग मधले बोट, मग तर्जनी. चार बोटे, बारा पेरे. तिच्याकडून शिकलेल्या दुसऱ्या एका गोष्टीचा याच्याशी संबंध आहे हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही अशी अठरा नावे दिली आहेत. दशसहस्राला तिथे अयुत आहे, दशलक्षाला प्रयुत, दशकोटीला अर्बुद, पण शेवट परार्धावरच, आणि प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. घातांकांची संपूर्ण शिडी या भाषेत नावानिशी उभी होती. तिला क्रमांक तेवढे लावायचे राहिले होते.

ते क्रमांक हात लावतो. वर्गात मी उजवा हात वर करायला सांगते. एकं म्हणताना अंगठा कुठेही टेकवायचा नाही, कारण एकक म्हणजे अजून एकदाही दहाने गुणलेले नाही. दहं, करंगळीचे पहिले पेर. शतं, दुसरे. सहस्र, करंगळीचे टोक. दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, ही अनामिका. कोटी, दशकोटी, अब्ज, हे मधले बोट. खर्व, निखर्व, महापद्म, ही तर्जनी. ज्या नावावर थांबाल त्या पेराचा क्रमांक हाच घातांक. लक्ष पाचव्या पेरावर, म्हणून १०^५. कोटी सातव्यावर, म्हणून १०^७. दहाचा शून्यावा घात एक का, हे समजावताना पूर्वी मी भागाकाराच्या नियमाची दोन पाने भरत असे आणि तरीही मुलांच्या कपाळावरची आठी जात नसे. आता कोणीतरी मागच्या बाकावरून स्वतःच म्हणतो, "अंगठा टेकलाच नाही, टीचर, म्हणून झीरो."

आणि आता बोटांची टोके पाहा. तिसरे, सहावे, नववे, बारावे पेर. थाउजंड, मिलियन, बिलियन, ट्रिलियन. इंग्रजी मोजणी टोकाटोकावरून चालते, आपली मधल्या पेरांवरही थांबते. किलो, मेगा, गिगा, टेरा हेही त्याच टोकांवर. मोबाइलमुळे जीबी आणि टीबी मुलांच्या तोंडात असतातच. त्यांना पहिल्यांदा कळते की गिगा म्हणजे अब्ज, मधल्या बोटाचे टोक.

गोव्यातल्या मुलाला हे इतर कोणाहीपेक्षा जास्त लागते. आपली पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत, बहुतेक शाळांत, सगळे विषय एकदम इंग्रजीत येतात. त्याच सुमाराला लाख-कोटींच्या जागी मिलियन-बिलियन येतात आणि स्वल्पविरामही जागा बदलतो. घरी वडील जमिनीचा भाव लाखांत बोलतात, विज्ञानाचे पुस्तक पृथ्वी-सूर्य अंतर मिलियन किलोमीटरमध्ये सांगते. मूल दोन्हीकडे मान डोलावते आणि मनात एक ठरवून टाकते की 'खूप मोठे' यापलीकडे याला अर्थ नाही. एकदा मी एका वर्गाला विचारले, दहा लाख मोठे की एक मिलियन? हात दोन्ही बाजूंनी वर आले. १०^६ म्हटले की भांडणच संपते. ही खूण मराठीही नाही, इंग्रजीही नाही. पोर्तुगीज काळात शिकलेले कोणी वयस्क घरात असतील तर त्यांना बिलियांव म्हणजे किती ते विचारायला मुलांना सांगा. पोर्तुगालमध्ये बिलियांव म्हणजे १०^१२ आणि इंग्रजी बिलियन म्हणजे १०^९. शब्द तोच वाटतो, फरक हजारपटीचा. शब्दांची ही गत असते म्हणूनच जगभरच्या शास्त्रज्ञांनी घातांक धरून ठेवला.

हात आला की नियम एकच उरतो. संख्येचा सर्वांत डावीकडचा, शून्य नसलेला अंक कोणत्या घरात बसला आहे? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. डावीकडचा १ दशलक्षाच्या घरात, सहावे पेर, म्हणून १.४५८५४५ × १०^६. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. ३ सहस्राच्या घरात, म्हणून ३.७०२ × १०^३. कमान नाही, उडी नाही. 'पुढे तीन शून्ये लाव' हा नियम पाठ केलेले मूल याच संख्येचे ३.७०२००० करून ठेवते, कारण घर त्याने कधी पाहिलेलेच नसते.

बेरजेतली ती नेहमीची चूक आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. २ × १०^५ अधिक ३ × १०^४, उत्तर ५ × १०^९. लाल शाईने फुली मारून 'घातांक समान करून घ्या' असे लिहिण्यापेक्षा मी आता मुलालाच ते मोठ्याने वाचायला लावते. दोन लाख रुपयांत तीस हजार मिळवले, हातात पाच अब्ज आले का? मूल स्वतः खोडरबर उचलते. दोन लाख तीस हजार, २.३ × १०^५. नियम मी नंतर सांगते, आणि तोवर त्याला तो नवा वाटत नाही.

सेकंदांचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी वर्गात करावा. १०^६ सेकंद म्हणजे साधारण साडेअकरा दिवस. १०^९ सेकंद म्हणजे जवळजवळ पावणेबत्तीस वर्षे. तेरा वर्षांचे मूल सुमारे ४.१ × १०^८ सेकंद जगलेले असते. घातांकात तीनचा फरक म्हणजे किती, हे साडेअकरा दिवस आणि पावणेबत्तीस वर्षे शेजारी ठेवल्यावर जसे कळते तसे दुसऱ्या कशाने कळत नाही. १९ डिसेंबर १९६१ पासून मोजले तर गोवा मुक्तीला २ × १०^९ सेकंद २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण झाले. लीप वर्षे धरून हे गणित मुलांनीच करावे, कॅल्क्युलेटर हातात देऊन.

आणि एक तास वाळूचा. समुद्र कोणत्याही शाळेपासून फार लांब नाही, आणि सहल नाही जमली तर पिशवीभर वाळू तरी आणता येते. चिमूटभर वाळू काळ्या कागदावर पसरायची, शेजारी पट्टी ठेवायची आणि भिंगातून पाहायचे. अर्ध्या मिलिमीटरचा कण धरला तर एका सेंटिमीटरच्या रांगेत वीस कण बसतात. एक सेंटिमीटर लांब, रुंद, उंच अशा ठोकळ्यात वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे ८ × १०^३. आता दोन किलोमीटर लांब आणि पन्नास मीटर रुंद किनारा घ्या, एक मीटर खोलीपर्यंतची वाळू धरा. १०^५ घनमीटर. घनमीटरात १०^६ घनसेंटिमीटर, म्हणजे १०^११ घनसेंटिमीटर. कण किती? ८ × १०^१४. मुले पेरे मोजायला लागतात. बारा पेरांचा हात संपतो, पुन्हा करंगळी, तेरा शंकू, चौदा जलधी. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूचे आठ जलधी कण. जलधी म्हणजे समुद्र, हे मी त्यांना या क्षणापर्यंत सांगत नाही.

गेल्या वर्षी एकाने विचारले, "पण टीचर, कण गोल असतात, मध्ये हवा राहणार, मग आठ चुकीचेच ना?" मला फार बरे वाटले. आठच्या जागी सहा येईल, नऊ येईल, वाळू जरा बारीक निघाली तर चौदाचे पंधराही होतील, पण चौदाचे सतरा व्हायला वाळू कितीतरी बारीक असावी लागेल. कोणत्या भागावर विश्वास ठेवायचा आणि कोणता भाग सैल आहे, हे इतक्या स्वच्छपणे वेगळे करून दाखवणारी दुसरी लिहिण्याची पद्धत शाळेच्या गणितात नाही. संपूर्ण जगात मावतील इतके वाळूचे कण मोजायची कल्पना दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आर्किमिडीजने केली होती. त्याच्याकडे असे घातांक नव्हते, म्हणून आधी त्याला मोठ्या संख्यांसाठी नवी नावेच घडवावी लागली. त्याचे उत्तर आजच्या खुणेत १०^६३ च्या घरात जाते. दहाच्या खांद्यावर बारीक अंक बसवायची आजची रीत १६३७ मधली, देकार्तची.

पावसाचे गणित जूनमध्ये घ्यावे, खिडकीबाहेर तो कोसळत असताना. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे तीन मीटर पाऊस पडतो. क्षेत्रफळ ३.७ × १०^९ चौरस मीटर. गुणाकार ११.१ × १०^९, आणि इथे मुले आपोआप थांबतात, कारण अकरामधला पहिला एक दहाच्या घरात आहे, अंगठा एक पेर पुढे न्यायला हवा. १.११ × १०^१० घनमीटर. साळावली धरणाची साठवण सुमारे २.३४ × १०^८ घनमीटर आहे. भागाकार करा, जवळजवळ सत्तेचाळीस साळावल्या. मग एप्रिलमध्ये नळाला पाणी का नसते, हा प्रश्न सातवीतल्या मुलाच्या तोंडून येतो, आणि त्याचे उत्तर देताना भूगोलाच्या शिक्षकांना बोलवावे लागते. बोलवावे.

लहान संख्यांकडे वळताना मात्र घाई करू नका. ऋण घातांक दिसला की संख्याच ऋण झाली असे निम्म्या मुलांना वाटते, आणि त्यांचे चुकते असेही नाही. सहावीपासून उणे म्हणजे शून्याच्या खाली असेच आपण त्यांना सांगितले आहे. मी डावा हात वर करायला सांगते. उजवा हात चढण्याचा, डावा उतरण्याचा. एकं म्हणजे दोन्ही हातांच्या मधली जागा. डाव्या करंगळीचे पहिले पेर दशांश, मग शतांश, टोकाला सहस्रांश. उतरत कितीही खाली गेलात तरी हातात काहीतरी उरतेच. शून्य होत नाही, मग शून्याच्या खाली कुठून जाणार? पुन्हा टोके पाहा: मिली, मायक्रो, नॅनो, पिको. केसाची जाडी १०^-४ मीटरच्या आसपास. रक्तातली तांबडी पेशी सुमारे ७ × १०^-६ मीटर. करोनाचा विषाणू साधारण १०^-७ मीटर. अणू १०^-१० मीटर.

०.०००४५ लिहिताना मुले पॉइंटनंतरची शून्ये मोजतात, तीन भरतात, आणि उत्तर ४.५ × १०^-३ देतात. प्रश्न इथेही तोच आहे, पहिला अंक कोणत्या घरात? दशांश, शतांश, सहस्रांश, दशसहस्रांश. चौथे पेर, म्हणून उणे चार. शून्ये रिकामी घरे आहेत आणि चार त्यांच्या पुढच्या घरात राहतो.

त्या मुलीचे वडील बरे झाले. सुट्टीनंतर तिने दुसरा रिपोर्ट वर्गात आणला, आता २१० × १०^३. मायक्रोलिटर म्हणजे काय, हे आम्ही तिच्या रिपोर्टवरूनच शिकलो. डाव्या अनामिकेचे टोक, लिटरचा १०^-६ भाग. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त धरले तर ५ × १०^६ मायक्रोलिटर. प्रत्येकात २.१ × १०^५ प्लेटलेट्स. फळ्यापाशी तीच उभी होती. १०.५ × १०^११ लिहून ती थबकली, अंगठा निखर्वावरून एक पेर पुढे नेला, आणि १.०५ × १०^१२ लिहिले. तर्जनीचे टोक. महापद्म.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. तुमच्याकडे ही मुले नववीत गुरुत्वाकर्षणाला ६.६७ × १०^-११ घेऊन येतात, दहावीत इलेक्ट्रॉनच्या १.६ × १०^-१९ कूलॉमशी झगडतात, आणि तुम्ही म्हणता, एवढे साधे गणितही शिकवलेले नाही. तक्रार रास्त आहे. पण आठवीत घातांकांचा धडा चालू असतो त्या पंधरवड्यात तुमच्या तासाला सूक्ष्मजीव किंवा प्रकाश यातले काही घेता आले, तर मुलांना एकच गोष्ट दोन तोंडांतून ऐकायला मिळेल. सूर्य १.५ × १०^११ मीटरवर, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०^८ मीटर, भागाकार पाचशे सेकंद, आठ मिनिटे वीस सेकंद. हे गणित माझ्या तासाला 'उदाहरण' असते, तुमच्या तासाला बातमी होते. तुम्ही काय वाचून दाखवता तेही महत्त्वाचे. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात १०^६ च्या आसपास जीवाणू असतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दोनापावलला आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आहे, तिथल्या माणसांचा दिवस असल्याच संख्यांत जातो. हे मुलांना माहीतच नसते.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला विशिष्ट रोधाचा, म्हणजे कोणता पदार्थ विजेला किती अडवतो त्याचा, तक्ता काढून पाहा. तांबे १.६२ × १०^-८, लोखंड १०.० × १०^-८, पारा ९४.० × १०^-८. गणितात लोखंडाचे दहा असे लिहिले तर आपण गुण कापतो. तक्ता करणाऱ्यांनी ते मुद्दाम तसे ठेवले आहे, कारण एकाच घातावर आणले की धातूंची तुलना डोळ्यांनीच होते. रक्ताच्या रिपोर्टवरचे ९८ × १०^३ ही त्याच जातीचे. स्टँडर्ड फॉर्म ही एक सोय आहे, आणि कधी दुसरी सोय जास्त बरी पडते. हे मुलाला सांगितले नाही तर ते दहावीत तक्ता पाहून गोंधळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुस्तकच चुकले असे समजून पुढे जाते.

कोणी म्हणेल, कॅल्क्युलेटर आणि संगणक असताना हे कशाला. शाळेच्या ऑफिसात एकदा बसा. विद्यार्थ्यांचे बारा अंकी आधार क्रमांक एक्सेलमध्ये नुसते टाइप केले की तिथे दशांशचिन्ह, ई हे अक्षर आणि पुढे ११ असे काहीतरी उमटते. यादीच बिघडली असे वाटून माणसे घाबरतात. ते ई म्हणजे दहाचा घात आहे, क्रमांक आत शाबूत आहे, रकाना टेक्स्ट केला की पुढच्या नोंदी जशाच्या तशा दिसतात. सोळा अंकी खाते क्रमांकाचे मात्र तसे नाही. एक्सेल पंधराच अंक सांभाळते आणि शेवटचा अंक शून्य करून टाकते. ही गोष्ट आठवीत शिकायची आहे, कारण ऑफिसात बसणारी माणसे आठवीतूनच गेलेली असतात.

आता प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना. शिक्षक कितीही समरसून शिकवोत, मुले शेवटी प्रश्नपत्रिकेसाठीच तयारी करतात, आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही. आज आपण विचारतो: पुढील संख्या स्टँडर्ड फॉर्ममध्ये लिहा. चार उपप्रश्न, चार गुण, सगळे पॉइंट सरकवण्याचे. त्यातले दोन तसेच ठेवा. उरलेल्या दोन गुणांसाठी असे काही विचारा. ५ × १०^३ आणि ९ × १०^२ यांतली मोठी संख्या कोणती आणि साधारण किती पट? एका गावाची लोकसंख्या ४ × १०^१२ आहे असे कोणी लिहिले तर ते का शक्य नाही? १०^६ सेकंद आधी संपतील की चवथीची सुट्टी? २.३ × १०^५ ही संख्या मराठीत किंवा कोकणीत शब्दांत लिहा. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी माध्यमाच्या उत्तरपत्रिकेत मराठीत लिहायची परवानगी द्यावी लागेल, आणि तपासणाऱ्याला ते वाचता येईल हेही पाहावे लागेल. ते करा. मुलाला ज्या भाषेत दोन लाख तीस हजार केवढे ते कळते, त्या भाषेत ते सांगू द्या.

माझ्या आठवीच्या वर्गात वाळूचा तास दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात असतो. शाळेत आधी विचारून कोणीही येऊन बसावे. येताना भिंग आणावे, आमच्याकडे चारच आहेत.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक गणित शिक्षिका